तेक्लाकाकूची बटाटेकाढणी

तेक्लाकाकूने चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पॉवर टिलरच्या दांड्या धरल्या, तेव्हा मी तिच्या अंगणात सायकल टेकवून उभी होते. मी वेर्बकी गावची पोस्टवाली. वर्तमानपत्र द्यायचं निमित्त होतं, पण खरं सांगायचं तर त्या सकाळी सगळं गावच काही ना काही निमित्त काढून तिच्या परसात डोकावत होतं.

वेर्बकीत अकरा उंबरे उरलेत, आणि अकराही घरांचे बटाटे काकूचा नवरा ल्यावोन काढून द्यायचा. गावातला शेवटचा घोडा गेला तेव्हा त्याने पॉवर टिलर आणला आणि त्याला मागून जोडायचं काढणीचं अवजार स्वतः बनवलं. पुढे रुंद फाळ, मागे गजांची हलती चाळण. फाळ वरंबा उचलतो, चाळण माती झाडते आणि बटाटे मागे जमिनीवर पडत जातात. आम्ही बादल्या घेऊन वेचत जायचं. बटाट्याशिवाय हिवाळा काढायचा विचार आमच्या बेलारूसमध्ये कोणी करत नाही.

त्या वर्षी मे महिन्यात लागवड झाली आणि आठव्या दिवशी ल्यावोन विहिरीपाशी पडला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली, एकच शब्द राहिला: "ठीक." चहा हवा असला तरी ठीक, उशी टोचली तरी ठीक, डॉक्टरला शिवी द्यायची झाली तरी ठीक. आवाजावरून काय ते ओळखायचं. मुलगा ग्रोद्नो शहरात ट्रॉलीबस चालवतो, त्याला रजा मिळत होती ती ऑक्टोबरअखेर. तोवर जमीन गोठली असती.

काकू उंचीला माझ्या खांद्याएवढी. तीस वर्षं सामूहिक शेताच्या गोठ्यात तिने गाईंच्या धारा काढल्या, पण यंत्राला ल्यावोनने तिला कधी हात लावू दिला नव्हता. "बोटं तोडून घेशील," म्हणायचा. ऑगस्टच्या शेवटी तिने एकटीने विळ्याने सगळा पाला कापला. दहा दिवस साल घट्ट व्हायला दिले. मग ल्यावोनला परसातल्या बाकावर आणून बसवलं, गुडघ्यांवर शाल टाकली आणि म्हणाली, "आता बघ. चुकले तर काठी आपट."

इंजिन चालू करायची दोरी तिने सात वेळा ओढली. आठव्या वेळी मी आणि तिने मिळून ओढली, तेव्हा ते फटफटायला लागलं. पहिली सरी ती चालली, यंत्राच्या मागे जवळजवळ फरफटतच. मागे पडलेले बटाटे मी वाकून बघितले. निम्मे मधोमध चिरलेले.

बाकावर काठी आपटायला लागली. "ठीक! ठीक!"

काकूने यंत्र बंद केलं, चिरलेले बटाटे ॲप्रनमध्ये भरले आणि त्याच्यासमोर ओतले. "हे दिसतंय मला. का होतंय ते सांग."

ल्यावोनने डाव्या हाताने काठी मातीत खुपसली आणि तिच्याकडे बघत राहिला. अजून खुपसली.

"फाळ वरून चाललाय. खाली घ्यायचा?"

"ठीक," तो दमून म्हणाला.

अवजाराच्या मागच्या चाकाच्या दांड्याला ओळीने भोकं आहेत, खीळ एका भोकातून दुसऱ्यात घातली की फाळ खालीवर होतो. काकूने खीळ दोन भोकं सरकवली, तर इंजिन मातीत रुतून बंद पडलं. एक भोक परत घेतलं. आता बटाटे अखंड यायला लागले, पिवळे, स्वच्छ. काकूच्या चेहऱ्यावर मात्र काहीच दिसलं नाही, कारण सरीचं टोक जवळ येत होतं आणि वळायचं कसं हे तिला माहीत नव्हतं.

ल्यावोन टोकाला दांड्या वर खेचून अवजार उचलायचा आणि जागच्या जागी फिरवायचा. ते तिच्या अंगात कुठून येणार? तिने क्लच दाबायला उशीर केला. यंत्र सरळ कुंपणात घुसलं, दोन फळ्या मोडल्या, काकू आडवी झाली. गुडघा सोलवटला.

शेजारचा आदास आपल्या अंगणातून सगळं बघत होता. पंचाहत्तरीचा म्हातारा, जीभ विळ्यासारखी. "तेक्ला, बैलाला शिंगं तरी असतात धरायला," तो म्हणाला. "सोड. फावडं घे आणि बटाटे काढ, ख्रिसमसपर्यंत होईल."

"तुझेही काढायचेत मला, आदास. मी सोडलं, तर तू फावडं शोधून ठेव."

 आदासच्या कमरेत वाकायची ताकद नव्हती हे गावाला माहीत होतं.

काकू मोडलेल्या कुंपणाजवळ बराच वेळ उभी राहिली. पलीकडे रेजिनाचं परस. तिच्याही सऱ्या त्याच दिशेने, काकूच्या सऱ्यांच्या अगदी पुढे सुरू होणाऱ्या. हे कुंपण ल्यावोनने वीस वर्षांपूर्वी घातलेलं. रेजिनाच्या डुकराने त्याच्या बटाट्याच्या चार सऱ्या उकरल्या, त्यावरून तो आणि रेजिनाचा नवरा भांडले. नवरा वारला, डुक्कर तर कधीच खाल्लं गेलं, पण कुंपण उभं होतं. दोघी बायका कुंपणाआडून बोलायच्या, दूध-अंडी द्यायच्या-घ्यायच्या. ओलांडायचं मात्र कोणी नाही.

काकू नवऱ्याशेजारी जाऊन बसली. "कुंपण आडवं येतंय. निघालं तर आपली आणि रेजिनाची सरी एकच होते. टोकाला तिच्यापलीकडे मोकळी गायरानाची जागा आहे, तिथे मी लांब वळसा घेऊन वळेन. उचलायला नको. कुंपण काढते."

ल्यावोनचा चेहरा लाल झाला. काठी दोनदा आपटली. "ठीक!" असा काही ओरडला की कोंबड्या पळाल्या.

"ठीक म्हणालास," काकू शांतपणे म्हणाली. "पोस्टवाली साक्षीला आहे."

क्षणभर मला वाटलं, आता हा काठी फेकून मारणार. तो बायकोकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडाची डावी बाजू वर गेली आणि छातीतून घरघर आवाज यायला लागला. मे महिन्यापासून तो हसला नव्हता, त्यामुळे तो हसतोय हे कळायला आम्हाला वेळ लागला. काकूने शालीच्या टोकाने त्याचे डोळे पुसले आणि पहार आणायला गेली.

रेजिना हाक मारायच्या आत आली. दोघींनी फळ्या काढल्या. खांब उपटायला लागल्या, तेव्हा आदासला बघवेना. "अशी नाही धरत पहार, बायांनो. माझा जीव घ्याल," म्हणत तो कंबर धरून आला. मीही टपालाची पिशवी झाडाला अडकवली. तिसऱ्या प्रहरापर्यंत कुंपण एका बाजूला रचलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकू एक सरी सोडून एक अशी काढत गेली, म्हणजे वळसा मोठा घेता येई आणि काढलेल्या बटाट्यांवर चाक जात नसे. गायरानात पोचली की गिअर काढायची, श्वास घ्यायची, आणि गाय वळवावी तशी हळूहळू वळायची. यंत्राशी झटापट तिने सोडून दिली होती. दुपारी रेजिनाने बटाट्याची धिरडी केली, वर आंबट साय. ल्यावोनचा बाक आम्ही उचलून ढिगापाशी नेला. तो डाव्या हाताने बटाटे निवडायला लागला: मोठे खायला, मध्यम बियाण्याला, बारीक डुकरांना. एक मध्यम बटाटा मी मोठ्यांत टाकला, तर त्याने तो उचलून माझ्याकडे असा बघितला की मी मान खाली घातली.

"त्याला बोलता येत नाही हे बरंय," रेजिना मला म्हणाली. "नाही तर आज तुझं काही खरं नव्हतं."

त्या वर्षी काकूने अकराही परसातले बटाटे काढले. तेवीस दिवस लागले, ल्यावोनला नऊ लागायचे. हातांना फोड आले, ते फुटले, नवे आले. आदासच्या परसात ती शेवटी गेली. त्याने तिच्या आधी उठून, वाकता येत नाही म्हणून गुडघ्यांवर बसून, वाटेतले दगड वेचून ठेवले होते.

ल्यावोन पुढे तीन हिवाळे जगला. आणखी पाच-सहा शब्द परत आले, त्यांतला एक "हळू" होता, आणि तो शब्द ल्यावोन यंत्र चालू असताना सारखा वापरायचा. त्याला पुरलं तेव्हा जमीन इतकी गोठली होती की आदासला खड्डा खणायच्या जागी आधी शेकोटी पेटवावी लागली. काकू आठवडाभर घराबाहेर आली नाही. मार्चमध्ये मी टपाल घेऊन गेले, तर ती गोठ्यात बसून फाळाला धार लावत होती.

गेल्या सप्टेंबरात पाऊस थांबेचना. आदास रोज तिच्या दारात. "कधी येतेस? कुजतील ना."

"ओल्या मातीत चाळण भरते. वाळू दे."

"ल्यावोन आला असता."

"ल्यावोन आला असता आणि यंत्र तुझ्या परसात रुतवून गेला असता. दोनदा रुतवलं होतं त्याने, तूच ओढून काढलंस."

आदास पुटपुटत गेला. दहाव्या दिवशी वारा सुटला, बाराव्या दिवशी काकूने माती मुठीत दाबून बघितली, मूठ उघडताच ती मोकळी सुटली. मग तिने दोरी ओढली.