सरकारने मला व्यापारी बनवून सुरत दाखवली

सुरतेला जायचं माझं काही ठरलेलं नव्हतं. थंडीचे दिवस होते, नंदुरबारला मी मिरच्यांची देठं खुडत बसले होते, आणि जावयाचं पत्र आलं. जावई पत्र लिहितो म्हणजे कोणीतरी आजारी नाहीतर काहीतरी काम. शाळा माझी दुसरीपर्यंत, त्यामुळे पत्र शेजारच्या मास्तरीणबाईंकडून वाचून घेतलं. त्यात लिहिलं होतं, "मामी, चार दिवस या. येणं फार गरजेचं आहे. सोबतीला बायका आणू नका, लागतील तेवढ्या इथे आहेत."

हे आता नात टाइप करते आहे. ती म्हणते, आजी, लोक ब्लॉगवर वाचतात ते जायचं कसं, खायचं काय यासाठी. म्हणून आधी तेच सांगते. नंदुरबारहून सुरतेला तापी लाइनवरून जाणारी पॅसेंजर तेव्हा पहाटे निघायची. तिकीट किती होतं ते आठवत नाही, पण ते काढून पेरूंचे दोन वाटे घेण्याइतके पैसे उरायचे. नवापूरला उतरून पाय मोकळे करा. तिथे फलाटाच्या एका टोकाला महाराष्ट्र आणि दुसऱ्या टोकाला गुजरात. मी दोन्हीकडे उभी राहून पाहिलं, वारा सारखाच लागतो. बारडोली आली की उसाच्या मळीचा वास डब्यात शिरतो, तो नाकात बसेपर्यंत गाडी पुढे जाते. डिंडोलीला जायचं असेल तर सुरतेपर्यंत जाऊ नका, उधन्याला उतरा. रिक्षावाला गुजरातीत भाव सांगेल, तुम्ही अहिराणीत सांगा. निम्मे रिक्षावाले आपल्याकडचेच.

डिंडोलीत माझी मुलगी मंदा आणि जावई सुरेशराव दोन खोल्यांत राहायचे. आजूबाजूला सगळे कापडाच्या लूमवर जाणारे खानदेशी. सुरेशराव मात्र एका सरकारी कचेरीत हंगामी कारकून होते. म्हणजे दर सहा महिन्यांनी साहेबाने सही केली तर नोकरी, नाही केली तर घरी. ती सही मार्चमध्ये व्हायची होती, आणि मंदाला तिसरा महिना होता. मला कोणी सांगितलं नाही, पण तिला भाकरीचा वास नकोसा झालेला बघून मी ओळखलं.

आता काम काय होतं ते सांगते. सुरतेत प्लेगची साथ येऊन गेल्याला दोनेक वर्षं झाली होती. शहर धुऊनपुसून लख्ख झालं होतं, रस्त्यावर पत्रावळीसुद्धा दिसत नव्हती, पण बाहेरगावचे व्यापारी अजून यायला बिचकत होते. म्हणून सरकारने पैसा काढला. व्यापाऱ्यांना बोलवायचं, बसमधून फिरवायचं, कारखाने दाखवायचे, जेवू घालायचं आणि मग त्यांनी माल घ्यायचा. वीस जागांची मिनीबस ठरली. मोठे साहेब सुरेशरावांना म्हणाले, बस भरली पाहिजे. आमंत्रणं शेकड्याने गेली, व्यापारी आले नऊ.

"उरलेल्या अकरा जागांचं काय?" मी विचारलं.

"एक तुमची," सुरेशराव म्हणाले. "दहा या गल्लीतल्या."

"आणि आम्ही कोण?"

त्यांनी यादी काढली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, महिला गृहउद्योग, नंदुरबार. मला फार बरं वाटलं. एरवी मी कायम कोणाच्या तरी नावामागेच लिहिली गेले होते.

"मामी, फक्त बसमध्ये बसायचं, जेवायचं, टाळ्या वाजवायच्या," ते म्हणाले. "बोलायचं काही नाही."

मंदा आतल्या खोलीतून हसली. "आईला पहिली तीन जमतील. चौथ्याचं बघा."

सकाळी सगळ्या जणी नटून बसजवळ हजर. सुमनबाई म्हणून शेजारीण होती, तिच्या मुलीचं लग्न माघात. आणखी तिघींच्या घरी कार्य होतं. म्हणजे त्या फुकटच्या बसला नाही, बस्त्याला निघाल्या होत्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, लग्नाचे सगळे कपडे एकदम, सगळ्यांनी मिळून, एकाच दुकानातून घ्यायचे, त्याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. एकटीने जाऊन बस्ता होत नाही. एकीने पदर बघायचा, एकीने पोत चोळायचा, एकीने नाक मुरडायचं आणि एकीने भाव करायचा. भाव करायला माझी नेमणूक झाली, कारण माझं नाक आधीच मुरडलेलं आहे.

आधी बस हजिऱ्याला गेली. कारखाने बाहेरूनच दाखवले. उंच उंच चिमण्या, पाइपच पाइप. एक व्यापारी डुलकी काढत होता, त्याला उठवून सांगितलं, हे पाहा. त्याने पाहिलं आणि परत झोपला. वाटेत पोंक मिळाला तर नक्की खा. आपला हुरडाच, फक्त कोवळा, आणि वर लिंबू-मिरीची शेव. व्यापाऱ्यांना सरकारी खर्चाने मिळाला, त्यांनी अर्धा टाकला. आम्ही तो कागदात बांधून घेतला.

मग कापडबाजार. देवळाच्या शिखरासारख्या इमारती आणि प्रत्येक मजल्यावर साड्या. पण तिथे एक साडी कोणी देत नाही, अख्खा सेट घ्यावा लागतो. एकटी बाई परत फिरते, अकरा जणी फिरत नाहीत. नऊ व्यापारी गार हवेच्या दुकानात कार्डं देत-घेत बसले. आम्ही जिन्यावर बैठक घेतली.

मी तिघींना तीन दुकानांत पाठवलं. एकाच तऱ्हेची साडी विचारायची आणि भाव ऐकून यायचं.

सुमनबाई पहिली परत आली. "मावशी, एकशे साठ."

दुसरी आली. "तठेबी एकशे साठच शे."

तिसरी हसतच आली, तिचाही भाव तोच.

म्हटलं, ह्यांनी आपसात ठरवलंय. ठीक आहे, आपणही ठरवू. सव्वाशेच्या वर कोणीही जायचं नाही, कितीही आवडली तरी. ज्या दुकानदाराला पटेल त्याच्याकडे सगळा बस्ता. त्या पायरीवर अकरा जणींनी हातावर हात ठेवून कबूल केलं.

चौथ्या दुकानात शेठजी म्हातारे होते. "आवो मासी, बेसो. ठंडु के चा?"

चहा घेतला. भाव विचारला. "एक ज भाव छे, मासी. एकशे साठ."

"आमचाही एकच आहे," मी म्हटलं. "सव्वाशे."

शेठजींनी सुमनबाईकडे पाहिलं, तिने मान हलवली. तिच्या शेजारणीकडे पाहिलं, तिनेही. अकरा वेळा मान हलल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "आटली एकता तो अमारा बजारमां पण नथी." इतकी एकी त्यांच्या बाजारातही नाही म्हणे. आणि सव्वाशेने दिल्या. चार घरांचा बस्ता, एका तासात.

दुपारी मोठ्या हॉलमध्ये जेवण. उंधियू, पुरी, श्रीखंड. श्रीखंड दोनदा घेतलं, सरकारला कळवून ठेवते. मग भाषणं. मोठे साहेब सरकारने किती खर्च केला ते बोलले. त्यांच्यामागून दिल्लीहून आलेले एक साहेब उभे राहिले, बारीक, नम्र. ते हिंदीत सांगू लागले की व्यापाऱ्यांनी आपसात संगनमत करून एकच भाव धरला तर ते कायद्यात बसत नाही, त्याने ग्राहक नागवला जातो, आणि अशांवर नजर ठेवायला सरकारचं वेगळं खातं आहे, त्याला पैसा लागतो, माणसं लागतात.

 आम्ही सकाळी पायरीवर जे केलं ते हेच. सुमनबाई पिशव्या पायांखाली सरकवू लागली. मला वाटलं, उद्या कोणी चौकशी केली तर ज्याने यादी केली त्याच्यावर जाईल. आताच सांगून टाकलेलं बरं. मी हात वर केला.

सुरेशराव भिंतीशी उभे होते. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"साहेब," मी मोडक्या हिंदीत म्हटलं, "आज सकाळी आम्हीपण तेच केलं." आणि सगळं सांगितलं. तीन दुकानं, जिना, सव्वाशे.

 दिल्लीचे साहेब पुढे आले. "आपकी फर्म कौनसी है, माताजी?"

यादी मोठ्या साहेबांच्या हातात होती. गृहउद्योग म्हणावं तर खोटं, आणि खोटं बोललेलं मला पचत नाही, लगेच उचकी लागते. खरं सांगावं तर जावयाची सही गेली. मंदाचा तिसरा महिना डोळ्यांपुढे आला. तेवढ्यात सुमनबाईच उठली.

"फर्म नहीं, साहेब. मनी पोरनं लगीन शे."

आता लपवायला काही उरलंच नाही. मी म्हटलं, "बस रिकामी जात होती, म्हणून आम्ही बसलो. चूक माझी. यादी करणाऱ्याची नाही."

दिल्लीच्या साहेबांनी विचारलं किती साड्या घेतल्या. आम्ही पिशव्या वर काढल्या. मग ते पुढच्या रांगेतल्या नऊ जणांकडे वळले, आपण माल किती घेतला? एक जण म्हणाला, "सॅम्पल घेतलेत. विचार करून कळवू." मागे कोणीतरी हसलं, मग बरेच जण.

दिल्लीच्या साहेबांनी वही काढून मला त्या तीन दुकानांचं विचारलं. मी नावं सांगितली नाहीत, म्हटलं, पोटावर कोणाच्या पाय देणार नाही, पण तीन बाया पाठवा, अर्ध्या तासात कळेल. त्यांनी ते लिहून घेतलं. आमचा गुन्हा आहे की नाही ते मात्र बघून सांगतो म्हणाले. अजून बघत असावेत.

बसमध्ये परत बसलो तेव्हा मोठ्या साहेबांनी सुरेशरावांना आत बोलावलं. आम्ही थांबलो. अर्धा तास गेला. सुरेशराव आले, ड्रायव्हरला म्हणाले, चला. माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी पाणी प्यायल्यावर म्हणाले, "यादी खोडून नीट लिहायला लावली. तुमच्या सगळ्यांच्या नावापुढे, घरगुती खरेदीदार."

"आणि सही?" मंदाने विचारलं.

"मार्चमध्ये बघू म्हणाले."

दोन दिवसांनी मी परतीची गाडी धरली. मंदाने डब्यात सुरती घारी, म्हणजे तिकडची खव्याची मिठाई, दिली होती. ती तुपात इतकी डुंबलेली असते की एकीत जेवण होतं, लक्षात ठेवा, चार घेऊ नका. मी एकही खाल्ली नाही. खिडकीतून मागे पळणारा ऊस बघत सारखं वाटत होतं, हात वर केला नसता तर काय बिघडलं असतं. घरी आल्यावर मिरच्या तशाच पडलेल्या होत्या, देठं खुडत होळीपर्यंत दिवस मोजले.

मंदाचं पत्र मार्च संपताना आलं. मास्तरीणबाईंनी मोठ्याने वाचलं. सही झाली होती, सहा महिन्यांची नाही, वर्षाची. मोठ्या साहेबांच्या वरच्यांना जो अहवाल गेला त्यात त्या दिवशी जागेवर रोखीने झालेली खरेदी फक्त आमचीच निघाली. ती गाळली असती तर एवढा खर्च करून आणलेली बस रिकाम्या हाताने गेली असं लिहावं लागलं असतं. म्हणून फॉर्मवर "घरगुती खरेदी" असा नवा रकाना छापला होता, आणि तो भरायचं काम सुरेशरावांकडे.

लोक विचारतात, आजी, सुरत कशी आहे. जा, थंडीत जा, पोंक खा, हातात वेळ ठेवा, एकटे जाऊ नका. त्या साड्यांचा रंग दुसऱ्या धुण्यात गेला, तेही सांगते, म्हणजे शेठजी अगदीच बुडाले नव्हते.

पत्राच्या शेवटी सुरेशरावांच्या हातचं एवढंच होतं, "मामी, बाळंतपणाला आषाढात या. आणि तुम्ही उभ्या राहिलात तेव्हा मी मनात राजीनामा लिहून काढला होता, तो फाडला."

मास्तरीणबाई म्हणाल्या, हे पुन्हा वाचू का. मी म्हटलं, वाचा, आणि राजीनाम्याचं सावकाश वाचा.