ऑरेगन की वॉशिंग्टन

माझी फजिती ऐकायचीच आहे ना तुम्हाला? मग आधी चहा ओता. आणि हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्येच कुणी खिंकाळलं तर मी सांगायची थांबेन!

तर आम्ही राहतो इथे आयर्लंडात, एनिसला, आणि माझं ऑफिस जवळच्या शॅननला. एक दिवस बाजूच्या टेबलावरची ऑर्ला खुर्ची सरकवत आली आणि हळूच म्हणाली, "अमेरिकेचा मोठा साहेब येतोय. तिकडे टीम उभी करायला इथून एक माणूस न्यायचाय त्याला. तुझंच नाव आहे."

झालं! माझे पाय काही जमिनीला लागेनात. माझ्या कॉलेजातल्या निम्म्या मैत्रिणी अमेरिकेत जाऊन बसल्यात, आणि "तू अजून आयर्लंडलाच का गं?" असं इतक्या गोड आवाजात विचारतात की फोन भिंतीवर आपटावासा वाटतो. मला ती पोस्ट हवी होती. उगाच सोवळेपणा कशाला, अगदी जिवापाड हवी होती!

तिथलं ऑफिस पोर्टलंडला, म्हणजे ऑरेगन राज्यात. पण गावाला लागून नदी, आणि नदी ओलांडली की वॉशिंग्टन राज्य. आपल्याकडे किलालूचा पूल ओलांडला की आपला क्लेअर जिल्हा संपून टिपररी लागतं ना, तसंच. नोकरी तीच, राहायचं कुठल्या काठाला ते आपण ठरवायचं.

"वॉशिंग्टन," मी घरी जाहीर केलं. "तिथे घरून काम केलं तर पगारावर राज्याचा टॅक्स नाही."

"ऑरेगन," आमचे नितीनराव लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले. "तिथे खरेदीवर टॅक्स नाही. आणि तुझी खरेदी बघता..."

आता सांगा, या माणसाबरोबर संसार कसा करायचा?

मग काय, युद्धच पेटलं. मी म्हटलं, वॉशिंग्टनला काय सुंदर डोंगर आहे! तो म्हणाला, "अगं बाई, ज्वालामुखी आहे तो! कपडे वाळत घालशील आणि राख गोळा करशील." मी शोधून काढलं की त्याच्या ऑरेगनातला डोंगरही ज्वालामुखीच आहे. तो शाळांवर आला, मी बागांवर गेले. तो समुद्रावर आला, मी हवेवर गेले. एकमत झालं ते फक्त पावसावर. दोन्हीकडे भरपूर. पण एनिसमध्ये राहणाऱ्याला पावसाची काय भीती घालता?

लिमरिकला गणपतीच्या आरतीनंतर मी लोकांना थांबवून थांबवून दोन्ही राज्यांची तुलना ऐकवली. लोक प्रसाद घेऊन मागच्या दाराने पळू लागले. नाशिकहून सासूबाईंनी फोनवर वॉशिंग्टनला मत दिलं, तर नितीन आईवरच रुसला. आमची लेक इरा कॅमोगीची, म्हणजे इथल्या मुलींच्या हॉकीसारख्या खेळाची, काठी घेऊन दारात उभी राहून म्हणाली, "मम, कॅन वी नॉट जस्ट स्टे इन क्लेअर? इट्स ग्रँड हिअर."

"तू मध्ये बोलू नकोस!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. त्या आठवड्यात आम्ही एका सुरात बोललेलं तेवढंच.

शेवटी साहेब आला. ब्रॅड. उंच, हसरा. मला केबिनमध्ये बोलावलं आणि सरळ विचारलं, "पोर्टलंडच्या टीमसाठी तू आम्हाला हवी आहेस. येशील?"

आणि मी काय म्हटलं?

मी म्हटलं, "अय्या, नाही हो, मी कसली! माझ्याहून हुशार लोक आहेत इथे. आणि आमचं सगळं इथेच मांडलेलं..."

अहो, डोळे काय वटारताय? आपल्यात पहिल्याच फटक्याला कुणी 'हो' म्हणतं का? कुणाकडे गेलं तर चहाला आधी "नको, नको, आत्ताच झाला" म्हणायचं, समोरच्याने "असं कसं, अर्धा कप तरी" म्हणायचं, मग आपण कप हातात घ्यायचा. आणि आयर्लंडात तर आपल्याहून कडक! आमची शेजारीण ब्रेडा "नो, नो, आय'म ग्रँड", म्हणजे मला काही नको, असं म्हणता म्हणता कोट काढून खुर्चीत बसते. इतकी वर्षं या देशात मला कध्धी अडचण आली नाही. मी आपली दुसऱ्या आग्रहाची वाट बघत गोड हसत बसले.

ब्रॅड म्हणाला, "मी तुझ्या निर्णयाचा आदर करतो." आणि उठून हात मिळवला.

आदर? अरे, आदर कसला करतोस, आग्रह कर ना!

मी दारात रेंगाळले. म्हटलं, "तिकडेही पाऊस खूप असतो, नाही?"

"हो, खूप."

"माझ्या नवऱ्याला नद्या फार आवडतात."

"वा, छान!" म्हणाला आणि फोन उचलला मेल्याने.

घरी आले तर नितीनने पुरणपोळी केलेली! नवऱ्याने! कडा करपलेल्या, पण पुरणपोळी. म्हणाला, "जाऊ दे. तू जिंकलीस. वॉशिंग्टनलाच राहू." मला तर रडूच कोसळलं. त्याला वाटलं, आनंदाने.

दोन दिवसांत कळलं, पोस्ट ऑर्लाला मिळाली.

"तू लगेच हो म्हणालीस?" मी विचारलं.

"मग? मी बॉस्टनला राहिलेय," ती बिचारी ओशाळून म्हणाली. "तिथे पहिल्यांदा नाही म्हटलं की चहासुद्धा मिळत नाही गं."

म्हटलं, ठीक आहे. अक्कल आली. आता आयुष्यात पुन्हा 'नको' म्हणणार नाही. पुढच्या सोमवारी सगळ्या टीमसमोर व्हिडिओ कॉलवर ब्रॅड म्हणाला, "मृणाल, तुला एक विचारायचं होतं, तू जरा..."

"येस!" मी ओरडले. "येस, येस! आनंदाने!"

"ग्रेट! ऑर्लाला नदीच्या कुठल्या काठाला घर घ्यावं तेच ठरवता येत नाहीये. तुझा फार अभ्यास आहे असं सगळे सांगतात. तिला घर शोधून दे ना."

दिलं शोधून. वॉशिंग्टनमध्ये. नितीन अजून म्हणतो, ऑरेगनच बरं पडलं असतं तिला.