मागच्या दाराचा फोटो

मला राग यायला कारण लागत नाही, असं माहेरी सगळे म्हणतात. म्हणू देत. या वेळचं कारण मी सांगते, मग ठरवा.

छावण्यांची वर्षं होती ती. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेलेले, गावातली निम्मी जनावरं छावणीत, प्यायचं पाणी टँकरचं. मी नेकनूरला शाळेत शिकवत होते. माझा मोठा भाऊ गावच्या सोसायटीचा चेअरमन. एके दिवशी त्याचा फोन आला की तुझा तो चांगला कॅमेरा घेऊन ये, गावाबाहेरच्या जुन्या चर्चचे फोटो पाहिजेत, आतले-बाहेरचे सगळे. मला वाटलं, चला, चेअरमन झाल्यापासून पहिल्यांदा याला काहीतरी बरं सुचलं. मीच मूर्ख.

ते चर्च मी लहानपणापासून लांबूनच पाहिलेलं. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, पुढं एक घंटा. तिकडं जायची आम्हाला बंदी होती. त्याच्या भोवतीच्या ख्रिस्ती वस्तीला आमच्या घरात ‘सुकडीचे किरिस्ताव’ म्हणायचे आणि वर हसायचे. मोठ्या दुष्काळात सुकडी आणि दुधाची भुकटी मिळते म्हणून यांनी देव बदलला, असा तो टोमणा. मीही हसले असेन, खोटं कशाला बोलू?

चावी एका म्हातारीकडं होती. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणाले. फादर बीडहून महिन्यातून एकदा येत, बाकी झाडलोट, दिवाबत्ती, रविवारची प्रार्थना सगळं तीच बघायची. आम्ही चपला बाहेर काढून आत गेलो. खाली सतरंजी, कोनाड्यात मरियामाता, तिच्या गळ्यात झेंडूची वाळलेली माळ. मी विचारत गेले, ती सांगत गेली. गावच्या विहिरीला वस्तीला शिवू देत नव्हते, म्हणून तिच्या आजोबांच्या वेळच्या फादरनं आधी आड खणायला लावला आणि मग हे बांधलं. दगड वस्तीतल्याच माणसांनी डोक्यावर वाहिला. मोठ्या दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या, पण हा आड टिकला. मग आमचं गाव पाण्याला इथं आलं का, असं मी विचारलं, तर मावशी एकदम कोपरा झाडायला लागली.

नंतर तिनं लाकडी पेटी उघडून दिली. बाप्तिस्म्याच्या वह्या, आणि एका पाकिटात त्या दुष्काळात फादरनं काढलेले फोटो. त्यातला एक चर्चच्या मागच्या दाराचा होता. दारात पाच-सहा बायका, हातात तांब्या, किटली, पदर पुढं ओढलेले. एकीचा पदर वाऱ्यानं सरकला होता. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण, कडेवर हडकुळं पोर. फोटो मी खिडकीशी नेऊन पाहिला. ती माझी आई होती. कडेवर दादा.

मावशीनं माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं.

“मोठ्या घरच्या बाया तांबडं फुटायच्या आत मागच्या दारानं यायच्या,” ती म्हणाली. “अंगावर दूध न्हवतं, लेकरं मराया लागली होती. माज्या आईनं त्यास्नी शब्द दिलता, कुनाला सांगायचं न्हाई. आता आई न्हाई, तर तो माज्यावर हाय. फोटो कुनाला दावू नगा, बाई.”

मी मात्र त्या फोटोचा फोटो काढून घेतला.

पंधरा दिवसांनी माहेरी गेले, तर दादाच्या टेबलावर सोसायटीचा ठराव पडलेला. ‘गायरानातील जुने, पडीक, वापरात नसलेले धान्य गोदाम पाडून त्या जागी सोसायटीचे नवीन गोदाम बांधणे.’ आणि खाली पुरावा म्हणून माझे फोटो! फुटकी कौलं, तडा गेलेली मागची भिंत, कोपऱ्यातली रिकामी पोती. घंटा, कोनाडा, मरियामाता यांचे फोटो नेमके वगळलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दर रविवारी जिथं माणसं गुडघे टेकतात ते पडीक? दादा शांतपणे पान चघळत म्हणाला की त्या लोकांकडं जागेचा कागद नाही, दुष्काळात तिथं मिलोची, मदतीत आलेल्या लाल ज्वारीची, पोती रचलेली होती, म्हणजे ते गोदामच. पेंड ठेवायला जागा नको का?

“तू कावून त्यांची वकिली करायलीस?” त्यानं वर मलाच विचारलं.

पाहणीला तालुक्याहून साहेब आला त्या दिवशी मी रजा टाकून गेले. पर्समध्ये त्या फोटोची प्रत होती, स्टुडिओतून काढून आणलेली. वस्तीतली माणसं एका बाजूला उभी, सोसायटीची संचालक मंडळी एका बाजूला. मावशी दारात उभी, कमरेला चावी. साहेब बरा होता. म्हणाला, जागेचा कागद नाही, तुम्ही दोघंही आपलंच खरं करणार, गावातलं एखादं जुनं माणूस विचारू या, पूर्वी इथं काय होतं ते. दादा याच्याच तयारीत होता. आईला गाडीतून आणून खुर्चीवर बसवलं होतं.

आईनं पदर पुढं ओढला. म्हणाली, “पोती असायची तिथं. देव-बिव म्या कवा पायला न्हाई.”

किती सहज बोलली! मला लाज वाटली आणि संतापही आला. मी पर्सची चेन उघडली. माझ्याशेजारी येऊन मावशीनं माझ्या हातावर हात ठेवला, घट्ट. साहेबाला म्हणाली, “त्या मोठ्या घरच्या हायेत, साहेब. त्या इकडं कवाच आल्या न्हाईत. त्यास्नी काय ठाव?”

तिचं चर्च जात होतं आणि ती माझ्या आईची अब्रू सांभाळत होती. आई खाली जमिनीकडं बघत राहिली. आणि मी, रागीट म्हणून गावभर नाव असलेली मी, चेन लावून गप्प उभी राहिले. साहेबानं ‘वयोवृद्ध ग्रामस्थांच्या सांगण्यावरून’ असं काहीतरी लिहिलं. सह्या झाल्या.

संध्याकाळी घरी मी तो फोटो दादाच्या पुढ्यात टाकला. आधीच टाकायला हवा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यानं तो लांब धरून पाहिला.

“मंग?” तो म्हणाला. “असल्या बाया लई असायच्या तवा. भुकटीसाठी कुनाच्या बी दारात उभ्या.”

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आली होती. हाताला पीठ तसंच. मला वाटलं आत जाईल.

“ती मी हाय,” ती म्हणाली. “कडंवर तू हायस. त्या दुधानं जगलास.”

दादानं पुन्हा फोटोकडं पाहिलं. मग तो पालथा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “सह्या झाल्यात आता.”

मी त्याला विचारलं की उद्या तालुक्याला जाऊन खरं सांगू या का. त्यानं पानाचा डबा पुढं ओढला. आईला विचारलं, तू येशील का? तिनं पीठ झाडलं आणि भाकरी करपंल म्हणून आत गेली. महिन्याभरात कौलं उतरली, मग भिंती पडल्या. मावशीनं मरियामाता पदरात घेऊन घरी नेली, असं मला दुसऱ्यांकडून कळलं. तिच्यासमोर जायची माझी छाती झाली नाही.

सह्या झाल्या त्या संध्याकाळी आई उपाशी राहिली, असं लिहायला मला आवडलं असतं. ती जेवली. आम्ही तिघंही जेवलो.