रुखमानं सांगितलेली वाक्यं

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं लहानूची जीभ खाल्ली आणि रुखमाचं घर तीस वर्षांनी शांत झालं. तिला वाईट वाटलं नाही, आणि वाटल्याचं सोंगही तिनं केलं नाही.

तिचा नवरा लहानू झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत खलनायक. त्याचा आवाज मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, आणि लोक म्हणायचे, काय कलाकार आहे! कलाकार कसला डोंबलाचा. पहाटे नाटक संपवून तो तोच आवाज घेऊन घरी यायचा. भात गार लागला की ताट अंगणात. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर अर्धी जीभ उरली आणि तोंडातून नुसता गडगडाट निघू लागला. तो एकट्या रुखमाला कळायचा, पण त्याच्यापुढे ती कळलंच नाही असं दाखवायची.

मग चंद्रपूरला नोकरी करणारी त्यांची पोरगी, रिना, फोनात नवंच काही घेऊन आली.

"बाबा काई बोलले का मंग फोन तेच त्यायच्या जुन्या आवाजात साफ बोलते. नाटकाच्या रेकॉर्डिंगमधून आवाज घेतला मी."

रुखमानं फोन हातानं दूर सारला. "काऊन आणलं वं? बरी होती ना मी."

"बाबाचे हाल नाई पाहवत मले."

आणि माझे पाहवले होते, असं रुखमा मनात म्हणाली.

फोनला आधी शिकवावं लागणार होतं. लहानूला लिहिता येत नव्हतं; त्यानं रोजच्या बोलण्यातली दोनशे वाक्यं गडगडत त्यात भरली. तो पानठेल्यावर गेला की रिना एकेक वाजवायची, रुखमा अर्थ सांगायची, रिना टाइप करायची. पोरीला स्वतःला त्यातलं अक्षर कळत नव्हतं.

पहिलंच वाक्य होतं, कुठी मेली होती, भवाने?

"काय म्हणून राह्यले बाबा?"

रुखमानं सुपातला खडा वेचून फेकला. "कुठी होती, रुखमा? वाट पाहून राह्यलो."

रिनाचे डोळे भरून आले. रुखमाचे कोरडेच होते. चार दुपारी ती अशीच न अडखळता सांगत गेली.

पाचव्या दिवशी लहानूनं ओसरीवर बसून फोन तोंडापुढे धरला आणि जुन्या तोऱ्यात गडगडला. रुखमाला नीट कळलं : भात काय तुझा बाप वाढंल? फोन थोडा थांबला. मग मंडप हादरवणारा तोच आवाज बोलला, "रुखमा, तू जेवली का?"

लहानूनं फोन उलटासुलटा करून पाहिला. पुन्हा गडगडला, जोरात. फोननं पुन्हा तेच विचारलं. रिना डोळे पुसत हसत होती. लहानूनं मान वळवून रुखमाकडे पाहिलं. त्याला सगळं उमगलं होतं, आणि ते कुणाला सांगायचं तर तोंड फोनचंच होतं.

"नाई जेवली," रुखमा म्हणाली. तिनं एकच ताट वाढून घेतलं, त्याच्यासमोर मांडी घातली आणि गरम भात कालवला.