मॅटखालचा जोड

बाबांना लकवा मारला तेव्हा मी पुसदहून माहेरी, बोरी अरबला येऊन राहिले होते. त्यांची डावी बाजू गेली होती. हात जरा हलायचा, पाय मात्र ओढूनच न्यावा लागे. जीभ जड झालेली, एकेक शब्द घोळवून बाहेर टाकायचे. माझा धाकटा भाऊ त्यांना जुन्या गाडीतून यवतमाळला व्यायामाला नेई. रोज सकाळी वीज तपासायच्या टेस्टरची मूठ त्यांच्या डाव्या तळपायावर ओढून विचारी, "बाबा, समजते काय?"

"हं. थोडं," बाबा म्हणत.

त्या 'थोडं'वर आमचं घर चाललं होतं. ते ऐकलं की भाऊ शीळ घालत वावरात जायचा आणि मीही त्या दिवशी भाजीत मीठ नीट टाकायची.

एकदा घरासमोरून वरात गेली. डीजेने भिंती हादरल्या. मी कानात बोटं घातली, आणि बाबा उजवा हात छातीवर ठेवून हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. भावाने ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात भूत शिरलं.

"धडधडीनं नसा जाग्या होते, ताई. गाडीत सिस्टिम बसवतो. जातायेता बाबाले इलाज."

"मंग डॉक्टर कायले पाह्यजे? बँडवालेच बोलाव ना," मी म्हटलं. पण पालथ्या घड्यावर पाणी. माझा भाऊ मोबाइलवर व्हिडिओ पाहून विहिरीची मोटरही खोलतो.

मग अंगणभर पसारा झाला. प्लायवूड कापून त्याने डिकीच्या मापाचा डबा केला, त्याला काळं कापड चिकटवलं, मोठा स्पीकर बसवला. अॅम्प्लिफायर पुढच्या सीटखाली गेला. हात सफाईदार, हे मान्यच करावं लागेल. बॅटरीपासून अॅम्प्लिफायरपर्यंत तार मात्र त्याने मोटरची उरलेली वापरली, आणि ती लांबीला कमी पडली. मग दुसरा तुकडा पीळ देऊन जोडला, वरून काळी टेप गुंडाळली. तो जोड नेमका पुढच्या डाव्या सीटसमोर, मॅटखाली आला. बाबा तिथेच बसत.

आवाज वाढवला की फ्यूज उडायचा. दोनदा उडाला, तिसऱ्यांदा उडाला तसा त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून टाकली.

"हे काय करून राह्यला तू?"

"आपल्या मोटरच्या किटकॅटमंधी, फ्यूजच्या त्या डबीत, काय हाये? तारच हाये ना. गावात कोणाच्या वावरात फ्यूज हाये, सांग."

हे खरंच होतं. आमच्याकडे उडणारा फ्यूज म्हणजे कटकट. ओलिताचं पाणी सोडताना रोज कोण धावणार? तांब्याची तार टाकली की काम फत्ते. मीही लहानपणापासून तेच पाहत आले होते. तरी त्या संध्याकाळी गाणं बंद केल्यावर मी मॅटवर हात ठेवला, तर ती कोमट होती. चुलीवरून उतरवलेल्या तव्याखालची जमीन लागते तशी.

"अरे, हे तापून राह्यलं."

"इंजिनची गरमी असन. अन् बाबाचा पायच हाये तिथं. जास्त गरम झालं तर ते सांगतीन ना."

मला भीती वाटत होती. पण मी मॅट नीट पसरून गाडीचं दार लावलं.

यवतमाळला निघालो ती भर दुपार होती. मी मागे बसले होते. डब्याचा दणका माझ्या पाठीतून पोटात उतरत होता. काचा थरथरत होत्या. बाबा उजव्या हाताने मांडीवर ताल धरत होते, आणि भाऊ रस्त्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त पाहत होता. काही वेळाने वास आला. प्लास्टिक तापल्याचा. मी ओरडले, पण माझा आवाज मलाच ऐकू येईना. भावाच्या खांद्यावर थाप मारली, तेव्हा त्याने आवाज कमी केला.

"कायचा वास?" मी विचारलं.

"नवीन गोंद हाये, ताई. सुकून राह्यला." मग बाबांकडे वळून, "बाबा, पाय ठीक?"

"ठीक," बाबा म्हणाले. त्याने आवाज पुन्हा वाढवला.

दवाखान्यासमोर तो खाली बसला, बाबांना चप्पल घालायला. डावा पाय उचलला तर मोजा मॅटला चिकटलेला. हळूच ओढला. नायलॉन वितळून टाचेत रुतलं होतं, आणि भोवती कातडी पांढरी पडून सुटली होती. मी तोंडावर पदर दाबला. बाबा शांतपणे समोरच्या फाटकाकडे पाहत होते. आमच्या चेहऱ्यांकडे लक्ष गेलं तेव्हा त्यांनी वाकून खाली पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा पाय पाहावा तसं.

भावाने ती टाच दोन्ही हातांत धरली होती. त्याने मान वर केली. मग म्हणाला, "बाबा, तुमाले कधीच समजत नव्हतं?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"मंग रोज हो काहून म्हणत होते?"

बाबांनी ओठ जुळवायला वेळ घेतला.

"तुह्य... तोंड पाहून."