भाग्यश्री रामटेके आणि ऑक्साइडचा थर

वरोऱ्याच्या भाग्यश्री रामटेकेनं दूरच्या एका संशोधन संस्थेत, पीएचडीसाठी, चार वर्षं एका अशा वस्तूचं आयुष्य मोजलं, जी एक मायक्रोसेकंदही धड जगत नसे. वस्तू म्हणजे ॲल्युमिनियमचं एक सूक्ष्म सर्किट. ते विलक्षण थंड केलं की एकाच वेळी दोन अवस्थांत राहतं. आसपास जरा खुट्ट झालं की संपलं. सुट्टीत घरी आल्यावर शेजारच्या वच्छलाबाई विचारत, "एवढ्या लवकर मरते तं ठेवता काऊन त्याले?" भाग्यश्री हसून विषय बदले. खरं तर हे तिच्या सरांना विचारायला हवं होतं, पण प्राध्यापकांना असलं कोणी विचारत नाही.

सरांचं मत ठाम होतं: दोष बाहेरून येतो. म्हणून तिनं तारा बदलल्या, फिल्टर लावले, संस्थेची लिफ्ट बंद पाडली, सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले. आयुष्य वाढेना. मग तिच्या ध्यानात आलं, काही ठरावीक फ्रिक्वेन्सींवर सर्किट पटकन मरतं. तारा बदलल्या तरी त्या जागा ढळत नाहीत. चिप गरम करून परत थंड केली, की मात्र सरकतात. म्हणजे चोर घरातलाच. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांमधल्या ऑक्साइडच्या थरात काही अणू एका जागी बसत नाहीत, आणि तेच ऊर्जा खातात. तिनं हे बारा पानांत लिहून दिलं. सरांनी समासात शेरा मारला, "आधी वायरिंग नीट करा."

२००४ च्या उन्हाळ्यात तिच्या बाबांना, गोविंदा रामटेकेंना, लकवा मारला. जिनिंगमध्ये तीस वर्षं कापूस तोलणाऱ्या माणसाचा उजवा हात गेला, निम्मी जीभ गेली. आई आधीच गेलेली. भाग्यश्री दोन महिन्यांसाठी आली ती राहिलीच, आणि गावातल्याच कॉलेजात अकरावीला ओहमचा नियम शिकवू लागली. बाबा रोज विचारत, "सापडलं?"

"नाई बाबा. पाहून राह्यली."

पुढच्या वर्षाअखेरीस प्रयोगशाळेतल्या अमरनं पोस्टानं एक छापील लेख पाठवला. परदेशातल्या एका गटानं दाखवून दिलं होतं: दोष आतल्या ऑक्साइडातच. सोबत चिठ्ठी: "सर म्हणतात, मला पहिल्यापासून संशय होताच."

तिनं लेख दारात उभ्यानंच दोनदा वाचला. चूक एकही सापडली नाही.

"काय आलं?" बाबा खाटेवरून म्हणाले.

"सापडलं, बाबा."

"कोणाले?" बाबा डाव्या कोपरावर उठले. "तुले?"

"हो. मले."

रविवारपर्यंत अर्धी वस्ती जयभीम घालून गेली. "माह्या पोरीनं..." एवढं बाबांना जमे, "शोधलं" म्हणताना घाम फुटे. भाग्यश्री खुर्च्या मांडत होती.

"मंग पेपरात फोटो येईन ना हिचा?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"येईन," बाबा म्हणाले. हा शब्द मात्र स्वच्छ आला.

दुसऱ्या दिवसापासून घरी पेपर सुरू झाला. ती कॉलेजातून आली की बाबांपुढं एकेक पान उघडी, बाजारभावाचंही.

"आज नाई," ती म्हणे.

बाबा डाव्या हातानं घडी घालत. "उद्या."

मे महिन्यात ते गेले. त्या दिवशीचा पेपर कोणी उघडला नाही.