सहा वर्षं की आठ? अहमदीचा मुक्काम

कुवेतहून ताईचा निरोप आला तेव्हा कराडच्या माझ्या दवाखान्यात गोवराची साथ जोरात होती. निरोप असा, की लेकीला, म्हणजे अनघाला, अमेरिकेतल्या दोन कॉलेजांनी बोलावलंय, महिनाअखेर कळवायचंय, घरात रोज वादावादी, तू डॉक्टर आहेस, येऊन काय ते ठरवून दे. व्हिजिट व्हिसाचे कागद भावजींनी पाठवलेही होते. मला अमेरिकेतलं ओ का ठो कळत नव्हतं. पण ऐंशीच्या दशकात फुकटात कुवेत बघायला मिळत असताना नाही म्हणण्याइतकी मी शहाणी नव्हते. शेजारच्या डॉक्टरांना माझे पेशंट सांभाळायला सांगितले आणि निघाले.

खरं कारण वेगळं होतं. मला अनघाला बघायचं होतं. भावजींना दर दोन वर्षांनी मोठी रजा मिळायची, तेव्हा ती दोन महिने कराडला यायची आणि दिवसभर माझ्या दवाखान्यात बसायची. बँडेजच्या गुंडाळ्या करायची, मिक्श्चरच्या बाटल्यांना पट्ट्या चिकटवायची, म्हाताऱ्यांना धाक घालायची. मी लग्न केलं नाही, त्याची खंत कधी वाटली नाही. ती परत गेली की मात्र आठ-दहा दिवस माझं कशात लक्ष लागत नसे.

आता प्रवासाचं सांगते. कराडहून एसटीने मुंबई, तिथून विमान, साधारण चार तास. बॅगेत कोकम, मेतकूट, गोडा मसाला आणि पेपरात गुंडाळलेले हापूस. कस्टमवाल्याने एक आंबा हुंगला, हसला आणि बॅग बंद करून दिली. बाहेर भावजी गाडी घेऊन उभे होते. विमानतळापासून दक्षिणेला अर्धा-पाऊण तास सरळसोट रस्ता. इतका गुळगुळीत, की घाट आणि खड्डे यांत वाढलेल्या बाईला चुकल्याचुकल्यासारखं होतं. दोन्ही बाजूंना नुसती वाळू, आणि लांबवर जळत्या वायूच्या ज्वाळा.

आणि मग अहमदी. वाळवंटात गाव म्हणजे मी काय काय कल्पना केल्या होत्या! तेल कंपनीने नोकरवर्गासाठी वसवलेलं हे गाव चक्क हिरवं निघालं. बुटकी, बैठी घरं, प्रत्येकापुढे कुंपणाची कापलेली झुडपं, रस्त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. भावजी तिथल्या हॉस्पिटलात एक्सरे टेक्निशियन होते, घर कंपनीचं. अनघा दारात उभी होती. माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच झालेली. “हाय मावशी,” म्हणाली आणि गळ्यात पडली. रडायचं नाही असं मी विमानात ठरवलं होतं, ते दोन मिनिटंही टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कॉलेजांची माहितीपत्रकं घेऊन बसलो. हल्लीची मुलं-आईबाप असल्या ऑफरांपुढे गोंधळून बसतात, म्हणून नीट सांगते. अमेरिकेत आधी साधी पदवी घ्यायची आणि मग मेडिकलसाठी पुन्हा धडपडायचं. या दोन्ही कॉलेजांत मात्र पदवी आणि मेडिकल जोडूनच होतं, मेडिकलची जागा आत्ताच पक्की. पहिलं मक्याच्या शेतांत कुठेतरी, सहा वर्षांचं. उन्हाळ्यातही वर्ग, सुट्टी जवळजवळ नाही. दुसरं पूर्व किनाऱ्यावर, आठ वर्षांचं. पहिली चार वर्षं निवांत, हवे ते विषय घ्या, दर उन्हाळ्यात घरी जा. मी दोनच गोष्टी विचारल्या. मिळालेली जागा टिकवायला मार्क किती लागतात, आणि पेशंट पहिल्यांदा कधी बघायला मिळतो. मार्कांची अट दोन्हीकडे सारखी. पेशंट सहावाल्यांकडे पहिल्याच वर्षी, आठवाल्यांकडे पाचव्या. तुम्हीही हे विचारा, इमारतींचे फोटो बघत बसू नका.

शुक्रवारी सुट्टी. त्या दिवशी ताईकडे ओळखीतली मराठी मंडळी जमली. दोन डॉक्टर, एक हेडनर्स, कुवेत सिटीतल्या बँकेतले एक अकाउंटंट. मिसळ झाली, कुठल्याशा बेकरीतली गरमागरम खुबूस नावाची रोटी झाली (रोटी इतकी स्वस्त, की ताई ती मिसळीबरोबर पावाऐवजी वाढते आणि कुणाला काही वाटत नाही), आणि मग सल्ले सुरू. सगळे उंटावरचे शहाणे! एक म्हणे सहाच, दोन वर्षं वाचतात. दुसरा म्हणे आठच, इतक्या लहानपणी मुलीला जुंपायचं कशाला. हेडनर्सबाई मुलीच्या लग्नाच्या वयाचा हिशेब मांडायला लागल्या, तेव्हा मी त्यांना आणखी मिसळ वाढली. ताईचा मुद्दा एकच होता: आठ घेतलं तर पोर दर उन्हाळ्यात घरी येईल. घरी म्हणजे कराडला, हे सांगायची गरज कुणाला वाटली नाही. मीही मान डोलावली. खरं तर आनंदाने डोलावली. दर उन्हाळ्यात दोन-दोन महिने! मनातल्या मनात मी तिच्यासाठी दवाखान्यात दुसरी खुर्चीसुद्धा मांडून टाकली होती.

अनघा त्या घोळक्यात नुसत्या प्लेटी उचलत राहिली.

फहाहील हे अहमदीच्या पायथ्याचं बाजारगाव, गाडीने दहा मिनिटं. गेलात तर मासळीबाजार चुकवू नका. तिथे पापलेटाला झुबेदी म्हणतात आणि भाव ऐकून आपण मनात दीनाराला चाळीसने गुणायला लागतो. गुणू नका, जेवण गोड लागत नाही. किराणा घेतला तो उस्मानभाईंकडे. मूळचे दापोलीचे, वीस वर्षं तिथे. मी कराडची म्हटल्यावर त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, चहा मागवला, आणि या वर्षी आंब्याला मोहोर कसा होता ते विचारलं. गावाकडे घर बांधून झालंय, पण अजून त्यात चार रात्रीही सलग झोपलो नाही, असं हसत सांगितलं. हसले, पण चहा तसाच राहिला त्यांचा.

तिथून अनघा मला समुद्रावर घेऊन गेली. ऊन उतरलं होतं. उजवीकडे लांब मीना अल-अहमदीचा धक्का, तेलाची जहाजं रांगेने उभी. वाळूत बसलो. मी माझं भाषण तयार करूनच गेले होते. आठ वर्षं कशी बरी, घाईत शिकलेला डॉक्टर कसा अर्धवट राहतो, वगैरे. पण तोंडातून आलं ते भलतंच.

“आठ घे गं. मला तू हवी आहेस उन्हाळ्यात.”

तिने हातावरची वाळू झटकली. मग म्हणाली, “मावशी, सगळे म्हणतात, सुट्टीत घरी येता येईल. पण मला सुट्टीत इथे यावंसं वाटेल. अहमदीला.”

“ये की मग. आई-बाबा आहेतच.”

“बाबांचं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांत संपतं. मग हे घर दुसऱ्या कुणाला देतील. बोलावणारं इथे कुणी नसलं की मला व्हिसापण मिळणार नाही. नुसतं बघायला येते म्हटलं तरी नाही. मी दोन महिन्यांची असल्यापासून इथे आहे गं.”

“मग माझ्याकडे ये.”

“तुझ्याकडे मी पाहुणी असते, मावशी. तू माझ्यासाठी कपाटातली नवी चादर काढतेस.”

त्या चादरीचा मला केवढा अभिमान होता! आम्ही सगळे मिळून तिच्या सुट्ट्या वाटून घेत होतो आणि तिला घर कुठलं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कसं येणार? आमच्या लेखी कुवेत म्हणजे नोकरी. लोक तिथे पैसे मिळवायला जातात, तिथलं कुणी असतं का?

ती सहाकडे का झुकतेय ते कळलं, आणि शेवटी डॉक्टरकी आठवली. म्हटलं, “सुट्टी नको म्हणून कोर्स निवडू नकोस. डॉक्टर माणसाला दमल्यावर जाऊन पडायला एक जागा लागते.”

“तीच नाहीये ना. सहा वर्षांत सुट्टीच नाही. म्हणजे कुठे जायचं हा प्रश्न नाही.”

सकाळी तिने नाश्त्याला सांगून टाकलं: सहा. कारण सांगितलं ते दोन वर्षं वाचतात हे. भावजी खूश झाले. ताई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. माझ्याकडे बघून म्हणाली, तू तरी सांग हिला. मी म्हटलं, पोरीने विचार केलाय, आपण आता गप्प बसू.

त्याच दिवशी कॉलेजला तार करायला सगळे कुवेत सिटीला गेलो. तारेचं काम झाल्यावर समुद्रकाठचे ते निळ्या गोळ्यांचे मनोरे पाहिले, लिफ्टने वर गेलो, चाळीस पैशांची लायकी नसलेली कॉफी प्यायलो. वरून शहर एका बाजूला, समुद्र दुसऱ्या बाजूला, आणि मागे वाळू. अनघा मला एकेक जागा बोटाने दाखवत होती: माझी शाळा त्या बाजूला, तिकडे आम्ही पिकनिकला जायचो. माझं लक्ष तिच्या बोटाकडे होतं, जागांकडे नव्हतं. परत निघाले त्या दिवशी धुळीचं वादळ होतं आणि विमान तीन तास उशिरा सुटलं. एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी याची तयारी ठेवावी.

पुढच्या रजेला ताई आणि भावजी दोघेच आले. दवाखान्यातले म्हातारे मला विचारत, ती धाक घालणारी पोरगी कुठाय? काय सांगणार, शिकतेय म्हणायचे. भावजींचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते दोघं कराडात स्थायिक झाले. आता दोघंही नाहीत. अनघा डॉक्टर झाली, चांगली झाली, तिकडच्याच एका बर्फाच्या गावात असते. तिचेही केस पिकले. अहमदीला ती परत कधी गेली नाही.

दर रविवारी तिचा फोन येतो. माझी शुगर विचारून झाली की थोडी घुटमळते, आणि मग म्हणते, मावशी, आपल्या घराचं सांग ना. अहमदीचं ते घर आतून पाहिलेलं आमच्यात आता दुसरं कोणी उरलेलं नाही. मी तिथे तीन आठवडे राहिले आणि ती सतरा वर्षं, तरी विचारते ती मला. मी सांगते. हॉलमधून आत गेलं की उजवीकडे न्हाणी, पडदे पिवळे, एसी फार आवाज करायचा. आठवतं तेवढं सांगते, पण वय झालं, पुष्कळसं पुसलं गेलंय.

मागच्या रविवारी ती म्हणाली, मागच्या दाराचं सांग. मला काही केल्या आठवेना. गप्प कसं बसायचं, म्हणून दिलं ठोकून, की मागच्या दाराशी कण्हेर होती.

मला वाटलं, फोन तुटला.

मग हळूच म्हणाली, “होती ना? मला वाटलं, मीच मनाने घातली.”

म्हटलं, “होती. पांढरी.”